व्हाइस सिटी नव्याने केला, पण त्यात काय घालवलं?

येऊरवाला

जुन्या गेमचा रीमेक फसला की चर्चा दोनच रुळांवर जाते. एक गट म्हणतो, ग्राफिक्स टुकार आहेत. दुसरा म्हणतो, तुमचं लहानपण सरलं त्याचं खापर गेमवर कशाला फोडता. मला दोन्ही पटत नाही आणि हे कधीतरी सविस्तर मांडायचं होतं, म्हणून हा धागा.

निमित्त अर्थातच जीटीए (ग्रँड थेफ्ट ऑटो) ट्रिलजीची ‘डेफिनिटिव्ह एडिशन’. ११ नोव्हेंबर २०२१ ला आली. जीटीए ३ (२००१), व्हाइस सिटी (२००२) आणि सॅन अँड्रियास (२००४) असे तीन गेम एकत्र. मूळ गेमवाल्या रॉकस्टार कंपनीने काम सोपवलं ग्रोव्ह स्ट्रीट गेम्स या स्टुडिओकडे. त्यांनीच पूर्वी, वॉर ड्रम स्टुडिओज या नावाने, याच गेमच्या मोबाइल आवृत्त्या केल्या होत्या. जुनं रेंडरवेअर इंजिन (गेम ज्या प्रोग्रॅमवर चालतो ते) गेलं आणि अनरियल ४ आलं. कागदावर सगळं छान.

माझं म्हणणं असं की हे करताना मूळ गेममधली प्रत्येक मर्यादा हा दोषच आहे असं धरून चालले. पण २००२-०४ च्या कलाकारांनी वातावरण उभं केलं होतं ते त्याच मर्यादांमधून. मर्यादा काढल्या आणि त्यांच्याबरोबर वातावरणही गेलं.

सॅन अँड्रियासचं धुकं घ्या. तो नकाशा प्रत्यक्षात काही अवाढव्य नाही. प्लेस्टेशन २ च्या मेमरीत लांबचं मावत नव्हतं, म्हणून दूरचं सगळं केशरी धुरकटात बुडवलेलं. पण त्यामुळेच लॉस सँटोसहून निघून सॅन फिएरोला पोचलो की फार लांब आल्यासारखं वाटायचं. पावसाळ्यात पारसिकच्या डोंगरावरून खाली बघा. धुकं असलं की शहर कुठे संपतं तेच कळत नाही आणि ते अफाट वाटतं. अगदी तसंच होतं ते. नव्या आवृत्तीत सुरुवातीला धुकं जवळपास काढूनच टाकलं. माउंट चिलियाडवर उभं राहिलं की पलीकडची शहरं दिसायला लागली आणि एवढा मोठा वाटणारा प्रदेश एकदम आटल्यासारखा झाला.

पाऊसही तसाच. मूळ पाऊस म्हणजे बारीक, जेमतेम दिसणाऱ्या रेघा आणि ओल्या रस्त्यावर पडलेले दिव्यांचे डाग. नव्यात आल्या आल्या जाड पांढऱ्या रेघांची जाळीच पडद्यावर. रात्री समोरची गाडी दिसेना. आणि मागे समुद्र असला की तोच पाऊस गायब.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. नवी आवृत्ती यायच्या आधी, ऑक्टोबर २०२१ मध्ये, जुने तिन्ही गेम डिजिटल दुकानांतून काढून घेतले. म्हणजे ज्याला जुना हवा आहे त्यानेही नवाच घ्यायचा. लोक भडकले, १९ नोव्हेंबरला रॉकस्टारने जाहीर माफी मागितली आणि पीसीसाठी जुने गेम पुन्हा ठेवले. पण ते काढावेत असं मुळात वाटलंच कसं?

तुमचे अनुभव लिहा. हाच गेम असं नाही, कुठल्याही रीमेकबद्दल चालेल.

---

वागळे_रोड_नं_१६

चांगला विषय. मी एकच गोष्ट सांगतो, पण ती बघून खरंच जीव हळहळला.

सॅन अँड्रियासमध्ये एक डोनटचं दुकान आहे, ‘टफ नट डोनट्स’. छपरावर भलामोठा नट, नट-बोल्टमधला नट. सहा कोपरे, मधे भोक. डोनटसारखा गोल पण लोखंडाचा, ही त्या पाटीची सगळी गंमत. नव्या आवृत्तीत मॉडेल गुळगुळीत करताना ते सहाही कोपरे घासून टाकले. उरली एक गोल कडी, आणि खाली नाव मात्र तेच.

आमचं वागळे इस्टेटमध्ये वर्कशॉप आहे, नट रोज हातात असतो. षटकोन असतो म्हणून पाना बसतो. तो गोल केला की त्याला नट म्हणताच येत नाही. ज्याने ते मॉडेल उघडलं त्याला हे काय आहे असा प्रश्न पडला नाही, किंवा मुळात माणसाने ते उघडलंच नसावं. दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरंही अशीच चुकली होती. छोटी, धूसर चित्रं संगणकाकडून आपोआप मोठी करून घेतली आणि वाचून बघितली नाहीत. काही पाट्यांवर स्पेलिंगच बदललं. हे नंतर दुरुस्त झालं, पण दुकानात ठेवण्याआधी कुणीतरी बघायला नको का?

---

नेरूळची_मी

वाचतेय. माझ्यासाठी व्हाइस सिटी म्हणजे गाडी चालवणं आणि रेडिओ. मिशन दादा खेळायचा, मी मागून म्हणायचे, आता गाडीत बस ना. इमोशन ९८.३ लावायचं आणि समुद्राच्या कडेने नुसतं फिरायचं. १९८६ सालचं शहर म्हणजे काय हे मला त्या रेडिओने शिकवलं. इंग्रजी गाण्यांशी ओळखच तिथे झाली. घरात ती कुणी लावत नसे.

नव्या आवृत्तीत सगळी गाणी नाहीत. मायकल जॅक्सनची नाहीत, आणखीही काही गेली. ही गळती २०२१ ची नाही. २०१२ मध्येच, दहा वर्षं होताना, गाण्यांचे परवाने संपले तशी पीसी आवृत्तीतून काढली होती. गाण्याचा परवाना ठरावीक मुदतीचा असतो, पुन्हा घ्यायचा तर पुन्हा पैसे. मला यातली व्यावहारिक अडचण कळते. पण मग ‘डेफिनिटिव्ह’, म्हणजे याच्यापुढे दुसरी आवृत्ती नको असं नाव ठेवायचं, आणि मूळ गेम सुरू झाल्यावर पहिल्याच गाडीत बसल्यावर लोकांना जे गाणं आठवतं तेच आत नाही, हे मनाला पटत नाही. आमच्याकडे दोन सीड्यांचा जुना सेट आहे. त्यात सगळी आहेत. दादा दुबईला गेला तेव्हा मी तो मागून घेतला.

---

पाचपाखाडी

थोडी दुसरी बाजू मांडतो, रागवू नका.

मी नवी आवृत्ती उशिरा, बरेच पॅच (दुरुस्त्या) आल्यावर घेतली आणि मला ती आवडली. मिशन फसलं की लगेच तिथूनच पुन्हा सुरू करता येतं. पूर्वी हॉस्पिटलमधून बाहेर पडा, बंदुका पुन्हा गोळा करा, गाडी शोधा, मग अर्धं शहर ओलांडून परत मिशनला. शस्त्रांचं चाक आहे, नकाशावर रस्ता दिसतो. रोज ठाणे-अंधेरी करून घरी आल्यावर मुलं झोपल्यानंतर जो वेळ मिळतो त्यात हे सोयीचं पडतं. तो रिमोटच्या हेलिकॉप्टरने बॉम्ब ठेवायचा मिशन मला शाळेत असताना कधीच जमला नाही. नव्यात पुरा केला, आणि फार बरं वाटलं.

नोव्हेंबर २०२४ च्या अपडेटमध्ये जुन्यासारखा प्रकाशही आलाय. एक पर्याय चालू केला की आकाश आणि धुकं बरंच मूळच्या जवळ जातं. सुरुवात वाईट झाली हे मान्य, पण आजच्या गेमला २०२१ च्या व्हिडिओंवरून झोडपू नये.

---

येऊरवाला

@पाचपाखाडी, रागवायचं कशाला, मुद्दा बरोबर आहे. मिशन पुन्हा सुरू करायची सोय मलाही हवीच होती. असे बदल मूळ गेमला धक्का लावत नाहीत, त्याच्यापर्यंत पोचायचा रस्ता सोपा करतात. धुकं काढणं त्यात बसत नाही.

त्या अपडेटचंही खरं आहे. तो प्रकाश आधी डिसेंबर २०२३ मध्ये नेटफ्लिक्सच्या मोबाइल आवृत्तीत आला, मग वर्षभराने पीसी आणि कन्सोलवाल्यांना मिळाला. काम व्हिडिओ गेम्स डिलक्स या दुसऱ्या स्टुडिओचं. पण म्हणजे बघा, सुधारणा कोणती करावी लागली? जुनं आकाश परत आणण्याची. ज्यांनी पहिल्या दिवशी पूर्ण पैसे मोजले ते तीन वर्षं त्याच्याशिवाय खेळले.

---

बेलापूर_लोकल

जीटीएवाल्यांना निदान जुना गेम परत मिळाला. आमचं सांगतो.

वॉरक्राफ्ट ३. मूळ गेम २००२ चा, ‘फ्रोझन थ्रोन’ २००३ चा. हॉस्टेलवर आम्ही जे डोटा खेळायचो ते या गेमच्या मॅप एडिटरमध्ये खेळाडूंनीच बनवलेलं. कंपनीने केलेलं नाही, लोकांनी केलेलं. त्यातून पुढे एक अख्खा खेळप्रकार जन्माला आला, आज त्याच्या स्पर्धांना स्टेडियम भरतात. आमच्या कॉलेजात रात्री एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर केबल सोडलेली असायची आणि पाच विरुद्ध पाच चालायचं. परीक्षेच्या आदल्या रात्रीही.

२०१८ च्या ब्लिझकॉनमध्ये, म्हणजे हा गेम करणाऱ्या ब्लिझार्डच्या मेळाव्यात, ‘रीफोर्ज्ड’ हा त्याचा रीमेक जाहीर झाला. स्ट्रॅथहोमचा प्रसंग नव्याने चित्रित करून दाखवला. कॅमेरा खाली आणलेला, पात्रं समोरासमोर बोलतायत, चेहऱ्यावर भाव. आम्ही सगळे ग्रुपवर वेडे झालो. गेम आला २८ जानेवारी २०२० ला आणि त्यात तसे प्रसंग नव्हतेच. वरून बघणारा जुनाच कॅमेरा, जुनीच मांडणी, नुसती मॉडेल नवी.

तेही चाललं असतं. पण ज्यांनी नवा गेम घेतलाच नाही, ज्यांच्याकडे २००३ पासूनचा जुना होता, त्यांच्या ऑनलाइन गेमवरही नवा प्रोग्रॅम बसवला. डाउनलोड कित्येक पटींनी वाढलं. क्रमवारी नाही, क्लॅन (खेळाडूंचे गट) नाहीत, खेळाडूंनी स्वतः बनवलेल्या कॅम्पेन (कथेच्या मोहिमा) चालेनात. म्हणजे ज्याने काहीच विकत घेतलं नाही त्याच्याही हातातलं गेलं. वर अटींमध्ये लिहिलं की खेळाडू या एडिटरवर जे काही बनवेल ते कंपनीच्या मालकीचं. डोटा कंपनीच्या हातून निसटलं, तसं पुन्हा काही निसटू नये म्हणून. ज्या गेमला खेळाडूंनी एवढी वर्षं जिवंत ठेवलं, त्याच खेळाडूंकडे बघायची ही दृष्टी. मागेल त्याला पैसे परत दिले, ते मान्य. पण आम्हाला पैसे परत नको होते.

---

ऐरोलीकर

मी गेम आर्टमध्ये काम करतो, महापेला. कंपनीचं नाव सांगत नाही. लिहितोय ते कामाच्या पद्धतीबद्दल, एका कुठल्या प्रोजेक्टबद्दल नाही.

आधी आकाश. मूळ व्हाइस सिटीच्या फोल्डरमध्ये ‘टाइमसायक’ नावाची साधी फाइल आहे, नोटपॅडमध्ये उघडते. त्यात प्रत्येक हवामानासाठी चोवीस ओळी, दिवसाच्या प्रत्येक तासाला एक. ओळीत नुसते आकडे. आकाशाचा वरचा रंग, क्षितिजाजवळचा रंग, उन्हाचा, ढगांचा, पाण्याचा, धुकं किती अंतरावर सुरू व्हावं ते. संध्याकाळचा जो गुलाबी-केशरी रंग सगळ्यांना आठवतो, तो कुणीतरी तिथे एकेक आकडा टाकून, गेम चालू करून, बघून, पुन्हा बदलून बसवलेला आहे. शिवाय इमारतींच्या मॉडेलवरच उजेड-सावली आधी रंगवून ठेवलेली. त्या मशीनला उजेडाचा खराखुरा हिशेब झेपत नव्हता, म्हणून माणसांनी तो हाताने काढला.

अनरियलमध्ये सूर्य आपला आपण हिशेब करतो, सावल्या आपोआप पडतात. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने बरोबर. पण हाताने रंगवलेला उजेड पुसून हिशेबाचा उजेड टाकला की तो रंग ठरवणारा माणूस त्या चित्रातून गेला. पात्रांच्या चेहऱ्यांचंही तेच झालं. मूळ चेहऱ्यांवर सुरकुत्या, गालफडं, भुवया सगळं चित्रात रंगवलेलं आणि मुद्दाम भडक, कारण टीव्हीवर ते बोटाएवढं दिसायचं. तीच ठेवण घेऊन वर गुळगुळीत चकचकीत कातडी चढवली की प्लॅस्टिकची बाहुली होते.

आता आमच्या टेबलावरचं. काम येतं ते एक्सेलच्या ओळी म्हणून. वस्तूचं नाव, किती तास, कधी द्यायचं. ‘पाटी, लहान, दोन तास.’ ती पाटी गेममध्ये कुठे आहे, तिथून कोण जातं, ती बघून हसू येणं अपेक्षित आहे का, हे त्या ओळीत नसतं. वागळेदादांनी सांगितलेला नट असाच कुणाच्या तरी ओळीत आला की गोल होणारच. काम करणारा मूर्ख नसतो, त्याला मूळ गेम खेळायला वेळ दिलेला नसतो. मी आमच्या लीडशी यावरून भांडून एकदा टीमला मूळ गेम खेळायला वेळ मिळवून दिला होता. त्यानंतर येणाऱ्या दुरुस्त्या स्पष्ट कमी झाल्या, कारण मुलं स्वतःच विचारायला लागली, सर, हे असंच ठेवायचं आहे का.

रॉकस्टारच्या त्या माफीनाम्यात एक विनंती होती, की काम करणाऱ्यांना सोशल मीडियावर छळू नका. तशी वेळ यावी हे फार वाईट. चिडा, जरूर चिडा, पण तारीख आणि बजेट ठरवणाऱ्यांवर.

---

कोपरी_पूर्व

ऐरोलीकर +१. फार सुंदर प्रतिसाद. या निमित्ताने प्रिन्स ऑफ पर्शियाबद्दलही लिहा ना. ते तर आपल्याच माणसांचं काम होतं.

---

ऐरोलीकर

लिहितो. हा विषय माझ्या जवळचा आहे.

‘द सँड्स ऑफ टाइम’ २००३ चा, युबिसॉफ्टच्या माँट्रियल स्टुडिओचा. त्याच्याही मागे जॉर्डन मेकनरचा १९८९ चा पहिला प्रिन्स. त्यात मेकनरने आपल्या धाकट्या भावाला धावताना, उड्या मारताना चित्रित केलं आणि एकेक फ्रेम उतरवून काढली. म्हणून तो प्रिन्स एवढा माणसासारखा पळायचा. आमच्या शाळेच्या लॅबमध्ये तो होता. सर बाहेर गेले की सगळी लॅब त्यावर.

सप्टेंबर २०२० मध्ये ‘सँड्स ऑफ टाइम’चा रीमेक जाहीर झाला. करणारे कोण, तर युबिसॉफ्टचे पुणे आणि मुंबई स्टुडिओ. युबिसॉफ्टच्या भारतातल्या स्टुडिओंनी एवढं मोठं नाव स्वतः पेलायची ही पहिलीच वेळ. त्या रात्री आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येक ग्रुपवर आनंद होता. ट्रेलर आला आणि दुसऱ्या दिवसापासून जगभर टीका. चेहरे जुनाट दिसतात, उजेड सपाट आहे, हा गेम मागच्या पिढीचा वाटतो. ट्रेलर पाहून मलाही तेच वाटलं होतं, ते मी नाकारत नाही. पण त्या टीकेत फार लवकर दुसरा सूर शिरला. भारतात केलंय, मग असंच होणार. ते वाचून मला रात्री झोप लागली नाही.

गेम जानेवारी २०२१ ला यायचा होता. आधी मार्चवर गेला, मग बेमुदत. मे २०२२ मध्ये काम माँट्रियलकडे गेलं. तिथेही पुरं झालं नाही, आणि जानेवारी २०२६ मध्ये युबिसॉफ्टने प्रकल्पच रद्द केला. ज्या स्टुडिओने मूळ गेम केला होता त्यांच्या हातूनही तो झाला नाही. तेव्हा ‘पुणे-मुंबईवाल्यांना जमलं नाही’ म्हणणाऱ्यांनी हा शेवट नीट बघावा. वीस वर्षांपूर्वीच्या गेमचा प्राण नक्की कशात आहे हे ठरवणं माँट्रियललाही सोपं गेलं नाही.

---

नेरूळची_मी

ऐरोलीकर, हे लिहिलंत ते बरं झालं. त्या वेळच्या कमेंट मीही वाचल्या होत्या.

जमलेली उदाहरणंही नोंदवू या, नाहीतर वाटेल रीमेकच वाईट. ‘डायब्लो २: रीसरेक्टेड’ (२०२१). खेळता खेळता ‘जी’ दाबलं की तोच क्षण २००० सालच्या चित्रात दिसतो, पुन्हा दाबलं की नव्यात. आत जुन्याच गेमचा हिशेब चालू असतो, वर नवं रूप. मी पहिल्या गुहेत शिरले आणि किती तरी वेळ नुसती ते बटण दाबत राहिले. अंधार कुठे किती ठेवायचा हे त्यांनी जुन्यावरून तपासलंय ते लगेच कळतं, कारण शेजारी जुनं उभंच आहे. लपवायला जागाच नाही.

आणि ‘एज ऑफ एम्पायर्स २’. मूळ १९९९ चा, डेफिनिटिव्ह एडिशन नोव्हेंबर २०१९ ची. करणाऱ्या फॉरगॉटन एम्पायर्सची सुरुवात चाहत्यांच्या मॉडपासून, म्हणजे त्यांनी गेममध्ये स्वतः केलेल्या बदलांपासून झाली. ज्यांनी हा गेम वर्षानुवर्षं खेळलाय त्यांनाच काम दिलं! त्यांनी पुढे २०२२ मध्ये ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ काढला. आधी सगळा भारत मिळून एकच ‘इंडियन्स’ होते. त्याऐवजी हिंदुस्तानी, बंगाली, द्रविड आणि गुर्जर आले. राजेंद्र चोळाची कॅम्पेन आहे, देवपालाची आहे. मराठे अजून नाहीत, ते यावेत अशी माझी मनापासून इच्छा आहे.

---

बेलापूर_लोकल

एज ऑफ एम्पायर्सला पूर्ण अनुमोदन. हाफ-लाइफचा ‘ब्लॅक मेसा’ही त्याच यादीत. १९९८ च्या गेमचा रीमेक, चाहत्यांनीच केलेला. २०१२ मध्ये मोफत मॉड म्हणून आला आणि पुरा झाला २०२० मध्ये. शेवटचा झेन या परक्या जगातला भाग मूळ गेममध्ये सगळ्यांना कंटाळवाणा वाटायचा. तो त्यांनी जवळजवळ नव्याने रचला, आणि तक्रार क्वचितच कुणी केली. बदल केला म्हणून लोक चिडतात हे खरं नाही. काय बदलायचं हे कळलेलं असावं लागतं.

---

वागळे_रोड_नं_१६

एक विचारायचं होतं. माझ्या मुलीला मूळ व्हाइस सिटी दाखवायचा आहे, ती आता कॉलेजला आहे. माझ्याकडची सीडी चरे पडून गेली. नव्या लॅपटॉपवर जुना गेम चालतो का? आणि रीतसर कुठून घ्यायचा?

---

येऊरवाला

@वागळे, चालतो. तो गेम पेंटियम ३ च्या ८०० मेगाहर्ट्झवर आणि १२८ एमबी रॅमवर चालायचा, आजच्या कुठल्याही लॅपटॉपला जड नाही. (नव्या आवृत्तीला ४५ जीबी जागा लागते.) पूर्वी स्टीमवर (गेमच्या ऑनलाइन दुकानात) घेतला असेल तर तुमच्या लायब्ररीत तो अजून असेल, आधी तिथे बघा. नसेल तर २०२१ च्या गदारोळानंतर रॉकस्टारने जुने तिन्ही गेम पीसीसाठी स्वतःच्या स्टोअरवर एकत्र ठेवले होते, तिथे शोधा.

इन्स्टॉल झाल्यावर ‘सायलेंटपॅच’ टाका. एका मॉडरने केलेला आहे, मोफत आहे, जुन्या पीसी आवृत्तीतल्या बऱ्याच चुका दुरुस्त करतो आणि गेमचं रूप बदलत नाही. सेटिंगमध्ये फ्रेम लिमिटर चालूच ठेवा. तो बंद केला की गाड्यांचं वागणं बिघडतं, कारण त्या काळी गेमचा वेग फ्रेमशी बांधलेला असायचा. काही अडलं तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. रविवारी मी वर्तकनगरला असतो, लॅपटॉप घेऊन आलात तरी चालेल.

@नेरूळची_मी, तुमच्या त्या दोन सीड्यांची बॅकअप कॉपी करून ठेवा. चरे पडायच्या आत.